कोणते पाटील? एकाच आडनावाच्या गर्दीतून नेमका माणूस, कागद आणि पत्ता गाठायची रीत

कोपरखैरण्यात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. मी पाटील. गाळ्याचे मालक पाटील. समोरच्या चार मजली इमारतीत पाच पाटील, त्यातले तीन एकमेकांचे कोणीही लागत नाहीत. गिऱ्हाइकांचे कागद ठेवायला जाड पुठ्ठ्याच्या बॉक्स फाइली आहेत. म्हात्र्यांना एक पुरते, भोईर आणि ठाकूर मिळून एकीत मावतात, पाटलांना तीन लागतात आणि तिसरीचं झाकण आता बसत नाही.

दुकानाच्या रजिस्टरात सुरुवातीला तीनच रकाने होते: नाव, मोबाइल, काम. वर्षभरात मी चौथा आखला. त्याचं नाव ‘कोणाचे’. ही अक्कल माझी नाही, गावातल्या म्हाताऱ्यांची आहे. आळीत नवखा पोरगा दिसला की त्या आडनाव विचारत नाहीत. “कोणाचा रं तू?” असं विचारतात. आडनाव विचारून उपयोग काय, ते त्यांना आधीच ठाऊक असतं. सरकारी कचेरी, बँक, इस्पितळ आणि कुरिअरवाला मात्र हा प्रश्न विचारत नाहीत, म्हणून त्याचं उत्तर आपणच कागदावर घालून ठेवायचं असतं. ते कसं घालायचं ते पुढे सांगतो. उदाहरणं पाटलांची आहेत, पण म्हात्रे, नाईक, शिंदे, जाधव, कोणालाही लागू पडतील.

पायरी १: हे आडनाव आहे, मान आहे की पद?

पाटील हे मुळात गावच्या मुख्याचं काम होतं. सारा गोळा करायचा, तंटे मिटवायचे, सरकारदरबारी गावाच्या वतीने उभं राहायचं. हिशेब कुलकर्ण्याकडे. काम वंशपरंपरेने चालायचं, त्याला वतन जोडलेलं असायचं. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटीलकी संपली. पद गेलं, नाव घराण्यांना चिकटून राहिलं.

प्रत्येक गावाला आपला पाटील होता, हे लक्षात घेतलं की अर्धा गोंधळ सुटतो. घणसोलीचे पाटील आणि कोपरखैरण्याचे पाटील भाऊबंद असतीलच असं नाही, बहुतेक वेळा नसतातच. आगरी पाटील आहेत, कोळी आहेत, कुणबी, मराठा, लेवा, जैन, लिंगायत आहेत. कर्नाटकातही ढिगाने आहेत. वीरेंद्र पाटील तर तिथले दोनदा मुख्यमंत्री होते. म्हणून आडनावावरून जात, गाव किंवा नातं कधीही गृहीत धरायचं नाही. दुकान नवीन असताना मी एका कोल्हापूरच्या पाटलांच्या फॉर्मवर न विचारता ‘मराठा’ लिहून टाकलं होतं. ते जैन निघाले. पन्नास रुपयांचं काम, त्यासाठी मी दोन दिवस हेलपाटे घातले.

मानाचे पाटील वेगळे. विखे पाटील, मोहिते पाटील, नांगरे पाटील यांत पहिला शब्द घराण्याचा आणि दुसरा मानाचा. याच्या उलटही चालतं. शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि शिवराज पाटील चाकूरकर दोघेही लातूर जिल्ह्याचे. पाटील एवढंच म्हटलं तर कळणार कसं, म्हणून मागे गाव लागलं. यादीत अशी नावं शोधताना ‘प’ खाली बघा, पहिल्या शब्दाखाली बघा आणि गावाच्या नावाखालीही बघा. फॉर्म भरताना आडनावाच्या चौकटीत एक शब्द घालायचा की दोन, हे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून ठरवायचं. घरात कोण काय म्हणतं त्यावरून नाही.

तिसरे पोलीस पाटील. ते आडनाव नव्हे, आजही चालू असलेलं पद आहे, १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली. शहापूर-मुरबाडकडे ‘पाटलांचा दाखला आणा’ म्हणाले तर आपल्या ओळखीच्या पाटलांकडे जाऊ नका. त्या गावच्या पोलीस पाटलांचं आडनाव भोईरही असेल, आणि त्या बाईही असतील.

पटेल हा याच शब्दाचा गुजराती भाऊ. इंग्रजीत दोघांत एका अक्षराचा फरक, पाटीलमध्ये ‘आय’ आणि पटेलमध्ये ‘ई’. टाइप करणाऱ्याचं बोट घसरलं की पाटलांचं पटेल होतं. हाती आलेला प्रत्येक छापील कागद घेतल्या जागी, खिडकीसमोरच उभं राहून वाचा.

पायरी २: बातमीतला पाटील कोणता, ते मधल्या नावावरून आणि मतदारसंघावरून ओळखा

रोज सकाळी कोणीतरी वर्तमानपत्र घेऊन दुकानात येतं आणि चुकीच्या पाटलावर रागावतं. भिवंडीचे माजी खासदार आणि केंद्रात राज्यमंत्री राहिलेले कपिल मोरेश्वर पाटील भाजपचे. मुंबईच्या शिक्षक मतदारसंघातून विधान परिषदेवर अनेक वर्षं निवडून गेलेले कपिल हरिश्चंद्र पाटील समाजवादी परंपरेतले. दोघांच्या विचारांत उत्तर-दक्षिण अंतर, पण मथळ्यात दोघेही ‘कपिल पाटील’. जयंत पाटलांचं तसंच: इस्लामपूरचे राष्ट्रवादीचे जयंत राजाराम पाटील वेगळे आणि अलिबागचे शेकापचे जयंत प्रभाकर पाटील वेगळे.

चंद्रकांत पाटलांची गंमत तर आणखी मोठी. कोल्हापूरचे चंद्रकांतदादा २०१९ ते २०२२ महाराष्ट्र भाजपचे प्रदेशाध्यक्ष होते. २०२० मध्ये गुजरात भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले सी. आर. पाटील. त्यांचंही नाव चंद्रकांत, आणि तेही मूळचे महाराष्ट्रातले. म्हणजे दोन शेजारी राज्यांत एकाच पक्षाचे एकाच नावाचे दोन अध्यक्ष. शिवाय मुक्ताईनगरचे आमदार चंद्रकांत निंबा पाटील आहेतच.

मतपत्रिकेवर हा गुंता महागात पडतो. आपल्या शेजारच्या रायगड मतदारसंघात २०१४ साली सुनील तटकरे सुमारे २,१०० मतांनी हरले. त्याच नावाच्या दुसऱ्या उमेदवाराने त्या वेळी नऊ हजारांहून जास्त मतं घेतली होती. १ मे २०१५ पासून मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटो येऊ लागला तो अशाच भानगडींसाठी. दोन उमेदवारांचं नाव एकच असेल तर धंदा, राहण्याचं ठिकाण किंवा आणखी काही जोडून फरक दाखवावा, असं निवडणुकीचे नियमच सांगतात. सांगलीत २०२४ ला विशाल पाटील, संजय पाटील आणि चंद्रहार पाटील असे तीन पाटील समोरासमोर होते, तिथे आडनाव बघून बटण दाबणाऱ्याचं काय झालं असेल ते झालं असेल. तुम्ही नाव, फोटो आणि चिन्ह तिन्ही बघा.

पायरी ३: संस्थेच्या दारात जाण्याआधी पूर्ण नाव आणि गाव तपासा

‘पाटील कॉलेजला जायचंय’ असं रिक्षावाल्याला वाशी स्टेशनबाहेर सांगितलं तर तो कुठेही नेऊ शकतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

नेरुळला डी. वाय. पाटील यांच्या नावाचं संकुल आहे: विद्यापीठ, रुग्णालय, स्टेडियम. स्टेडियम २००८ साली सुरू झालं, आयपीएलचा पहिला अंतिम सामना तिथेच झाला. २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या मुलींनी महिला विश्वचषक जिंकला तोही याच मैदानावर. वाशीला कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय आहे. ते रयत शिक्षण संस्थेचं, आणि भाऊराव पाटलांनी रयत सुरू केली १९१९ मध्ये. खारघरला ए. सी. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय. मार्केटमधले माथाडी ज्यांचं नाव घेतात ते अण्णासाहेब पाटील माथाडी कामगारांचे नेते. त्यांच्या नावाचं आर्थिक मागास विकास महामंडळ आहे, कर्जाच्या अर्जासाठी लोक माझ्याकडे येतात. आणि उलव्याकडच्या विमानतळाला ज्यांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २०२२ मध्ये केला ते दि. बा. पाटील उरणजवळच्या जासईचे.

हे पाच वेगळे पाटील, पाच वेगळ्या घरांतले. बाहेरून आलेली माणसं डी. वाय. आणि डी. बी. यांची सर्रास अदलाबदल करतात. इथल्या भूमिपुत्रांसमोर ती करू नका. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बां.नी लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची जमीन, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड, परत मिळाली. ‘दि. बा.’ ही दोन अक्षरं इथे आद्याक्षरं म्हणून कोणी उच्चारत नाही, घरातल्या वडीलधाऱ्यासारखी उच्चारतात.

प्रवेशाचा अर्ज भरताना तर गाव बघितल्याशिवाय पैसे भरायचेच नाहीत. डी. वाय. पाटील या नावाने नेरुळला संस्था आहेत, पिंपरीला आहेत, आकुर्डीला आहेत, लोहगावला आहेत, कोल्हापूरलाही आहेत, आणि त्यांचं व्यवस्थापन वेगवेगळं आहे. माझी पद्धत अशी: विद्यार्थ्याला पेमेंटच्या पानावरचा पिनकोड मोठ्याने वाचायला लावतो. ४००७०६ आला तर नेरुळ. ४११ ने सुरुवात झाली तर पुणे, मग थांब. एकदा एका मुलीचे बाबा म्हणाले, “अहो, पुणे काय आणि नेरुळ काय, पाटीलच ना!” ती मुलगी रोज कोपरखैरण्याहून ट्रेनने जाणार होती. नेरुळच्याच आवारात रामराव आदिक यांच्या नावाची अभियांत्रिकी संस्थाही आहे, म्हणजे पाटलांच्या फाटकातून आत गेलेला प्रत्येक जण पाटील कॉलेजचा असतो असंही नाही.

पायरी ४: स्वतःचं नाव एका साच्यात पक्कं करा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. पुढच्या निम्म्या कटकटी इथेच मिटतात.

एक कोरा कागद घ्या. त्यावर शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, बँक पासबुक, पासपोर्ट, लाइट बिल आणि असल्यास सातबारा यांतलं नाव जसंच्या तसं, एकाखाली एक लिहा. ‘सुनील पाटील’, ‘सुनील आर. पाटील’, ‘पाटील सुनील रामचंद्र’, ‘सुनील रामचंद्र पाटिल’ अशी चार-पाच रूपं निघतातच. शेवटच्या रूपातली ह्रस्व ‘टि’ बारीक वाटते, पण मतदार यादीत नाव शोधताना तीच नडते. मराठीत आपण दीर्घ लिहितो, हिंदीच्या वळणाने टाइप करणारे ह्रस्व करून टाकतात. दोन्ही प्रकारे शोधा.

मग एक रूप ठरवा: स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं पूर्ण नाव, आडनाव. मधल्या नावाचं नुसतं आद्याक्षर नको. ‘आर.’ म्हणजे रामचंद्र, रमेश, राघो कोणीही होईल. दुरुस्तीचा क्रमही आहे. आधी आधार, मग पॅन, मग बँक, बाकीचे त्यामागून. आधारवर नाव आयुष्यात फक्त दोनदाच बदलता येतं, तेव्हा हात लावायच्या आधी स्पेलिंग घरच्यांसमोर लिहून दाखवा आणि मगच भरा.

पॅनकार्डात एक खूण दडलेली आहे. दहा अक्षर-अंकांपैकी चौथं अक्षर व्यक्तीसाठी ‘पी’ असतं आणि पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर. म्हणून पाटलांच्या पॅनमध्ये मधोमध ‘पीपी’ दिसतं. ते दिसलं नाही तर दोनच शक्यता धरा: लग्नाआधी काढलेलं पॅन आहे, किंवा अर्ज भरताना नाव आणि आडनाव उलट चौकटीत गेलंय. पहिल्या बाबतीत नंबर बदलत नाही, तो तसाच राहू दे, फक्त नाव दुरुस्त करून घ्या. दुसऱ्या बाबतीतही नंबर तोच राहतो, पण दुरुस्ती आजच करा, कारण कर्जाच्या वेळी हीच चूक वर येते.

पाटलांच्या लेकींची अडचण निराळीच. पाटलांची मुलगी पाटलांच्याच घरात दिली की आडनाव बदलतच नाही, बदलतं फक्त मधलं नाव. बाई म्हणतात, “माझं नाव बदललंच नाही, मग कशाला दुरुस्ती?” पण बँकेच्या लेखी वडिलांच्या नावाची पाटील आणि नवऱ्याच्या नावाची पाटील या दोन वेगळ्या बाया असतात. लग्नाचा नोंदणी दाखला काढून ठेवा, दोन नावांमधला तोच पूल आहे. वडिलांचं नाव तसंच ठेवायचं असेल तरी काही हरकत नाही, फक्त सगळीकडे तेच ठेवा. प्रतिभाताईंनी शेखावत घरात लग्न होऊनही पाटील नाव सार्वजनिक आयुष्यात कायम ठेवलं आणि त्याच नावाने २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या.

नव्या बाळांचं बरं झालंय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदावर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे. चार शब्दांत जुळणारा दुसरा सापडणं कठीण.

पायरी ५: जमीन

सातबारावर नुसतं ‘गणपत पाटील’ असतं, त्यापुढे काही नाही. आजोबांच्या वेळी गावात तीन गणपत होते. वारस नोंद घालायला गेलं की तिघांची नातवंडं एकाच ओळीवर बोट ठेवतात, आणि तिघंही मनापासून खरं बोलत असतात.

अशा वेळी आजच्या सातबाराकडे बघून काही होत नाही. त्यावर फेरफार क्रमांक दिलेले असतात. तो धागा धरून मागे जा. गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, मूळ नोंद कशी झाली ते लिहिलेलं असतं: ‘अमक्याच्या मृत्यूने, वारस मुलगा तमका’. तिथे बापाचं नाव सापडतं. मग आठ-अ चा उतारा काढा, एका खातेदाराच्या नावावर गावात किती आणि कोणते गट आहेत ते एकत्र दिसतं. तुमच्या आजोबांचा म्हणून सांगितलेला गट दुसऱ्याच खात्यात दिसला तर भांडण तिथेच थांबतं, किंवा तिथेच सुरू होतं. त्याला इलाज नाही.

साडेबारा टक्क्यांच्या कामात नावापेक्षा संपादन झालेल्या जमिनीचा सर्व्हे नंबर आणि गाव महत्त्वाचं. सिडको भवनात जाताना त्या सर्व्हे नंबरचा जुना सातबारा, फेरफार, वारस दाखला आणि गावातल्या दोन जुन्या माणसांची साक्ष असा गठ्ठा न्या. टोपणनावही लिहून न्या. आमच्याकडे एका आजोबांना सगळा गाव त्यांच्या होडीच्या नावाने ओळखायचा. त्यांचं कागदावरचं नाव त्यांच्या सुनेलाही सांगता येईना. प्रतिज्ञापत्रात ‘ऊर्फ’ घालून ते एकदाचं बांधून घ्या: अमुक ऊर्फ तमुक ही एकच व्यक्ती आहे.

जमीन विकत घेत असाल तर विकणारा पाटील आणि सातबारावरचा पाटील एकच आहेत का, हे त्याचं आधार बघून ठरवू नका. आधारवर नाव जुळणं पुरेसं नाही, गावात त्या नावाचे आणखी दोघे असू शकतात. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव आणि फेरफाराची साखळी जुळवा. इथे वकिलाचे पैसे वाचवू नका.

पायरी ६: पैसे

बँक पैसे जमा करते ते खाते क्रमांकावर, नावावर नाही. म्हणून एक अंक चुकला तर ते दुसऱ्याच माणसाला जातात, आणि नाव जुळत नसलं तरी व्यवहार आपोआप थांबेल या भरवशावर राहू नका. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करण्याआधी खातेदाराचं नाव बघायची सोय बँकांना द्यायला लावली आहे, ती वापरा. यूपीआयमध्ये नाव दिसतं, पण ‘सुनील पाटील’ दिसलं म्हणून तो आपलाच सुनील पाटील हे कशावरून? आधी एक रुपया पाठवा, फोन करून ‘आला का?’ विचारा, मग उरलेले.

लाडकी बहीणचे हप्ते सुरू झाले तेव्हा गावठाणातल्या एक ताई तणतणत दुकानात आल्या. त्यांच्याच नावाची, नवऱ्याचंही नाव तेच असलेली दुसरी बाई मागच्या आळीत राहते. “तिने माझे पैसे खाल्ले,” असं त्यांचं म्हणणं. दोघींचं बोलणं दोन महिने बंद होतं. मी आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती काढून दाखवली. त्यात तिसऱ्याच बँकेचं नाव होतं. गॅसच्या सबसिडीसाठी सात-आठ वर्षांपूर्वी उघडलेलं खातं, पासबुक कपाटात तळाशी. पैसे हप्त्याहप्त्याने तिथे जमत होते. थेट लाभाचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे, आधारला जोडलेल्या खात्यात जातात, त्यामुळे नावाचा इथे काही संबंधच नव्हता. ताई पैसे काढून आणल्यावर मागच्या आळीत गेल्या की नाही, ते मी विचारलं नाही.

कर्जाचा अहवाल वर्षातून एकदा तरी काढा. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि हायमार्क या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचं थकलेलं मोटारसायकलचं कर्ज तुमच्या नावावर बसलेलं असू शकतं. दिसलं तर त्याच कंपनीच्या पानावर तक्रार नोंदवा, कर्ज देणाऱ्या बँकेलाही लेखी कळवा, आणि पॅन, जन्मतारीख, पत्ता यांतला फरक सरळ ओळीत मांडा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तक्रारीच्या तारखेचा स्क्रीनशॉट प्रिंट काढून ठेवा.

पायरी ७: समन्स, नोटीस, पोलीस

दुसऱ्याच्या नावचं समन्स दारात आलं की माणसं दोन चुका करतात. एक तर ‘हा मी नव्हेच’ म्हणून फाडून टाकतात, नाहीतर घाबरून तिथल्या तिथे सही करतात. दोन्ही नको.

कागदावर वडिलांचं नाव, वय, पत्ता आणि केस क्रमांक बघा. सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असेल तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाका, केस कुठल्या कोर्टातली आणि पक्षकार कोण ते दिसेल. नुसत्या ‘पाटील’ नावाने तिथे ठाणे जिल्ह्यात शोधलात तर दिवस मावळेल, यादी संपणार नाही. माणूस वेगळा आहे याची खात्री झाली तर समन्स आणणाऱ्याला तसं सांगा, आणि त्याने त्यावर काय शेरा मारला ते वाचा. मग वकिलामार्फत कोर्टात छोटा अर्ज द्या, सोबत आधार, पॅन आणि पत्त्याचा पुरावा. तारखेला कोणी गेलंच नाही तर वॉरंट निघू शकतं, आणि पोलीस ज्याच्या दारात येतात तो पत्ता तुमचा असतो. पारपत्राच्या पडताळणीत असा प्रकार पुढे आला तर याच अर्जाची आणि आदेशाची प्रत कामी येते.

वाहनाचं ई-चलान सोपं. तिथे नाव बघूच नका, गाडीचा नंबर आणि फोटो बघा.

पायरी ८: मतदार यादी, इस्पितळ, कुरिअर

यादीत नाव शोधताना ओळखपत्राचा दहा अक्षर-अंकांचा क्रमांक वापरा. तो नसेल तर विधानसभा मतदारसंघ आधी पक्का करा. वाशी-नेरुळकडची मंडळी १५१ बेलापूरमध्ये, आमच्याकडची १५० ऐरोलीमध्ये. दुरुस्तीला फॉर्म ८. तुमच्या नावापुढे मयत शेरा दिसला तर ताबडतोब बीएलओला, म्हणजे तुमच्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला गाठा, बहुतेक वेळा गेलेले पाटील दुसरे कोणीतरी असतात आणि नाव वगळायचा फॉर्म ७ तुमच्या ओळीवर लागलेला असतो.

इस्पितळात रक्त द्यायच्या किंवा रिपोर्ट घ्यायच्या वेळी नर्सने ‘पाटील ना?’ विचारलं तर ‘हो’ एवढंच म्हणू नका. पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा, पाकिटावरचा नोंदणी क्रमांक वाचा. दोन खुणा जुळल्याशिवाय सुई नाही आणि रिपोर्टही नाही.

पत्त्याचं नवी मुंबईत वेगळंच दुखणं आहे. सेक्टर १५ वाशीत आहे, नेरुळला आहे, बेलापूरला आहे, ऐरोलीत आहे, कोपरखैरण्यातही आहे. ‘पाटील, सेक्टर १५, नवी मुंबई’ हा पत्ता नाहीच. पिनकोड हाच खरा पत्ता समजा: वाशी ४००७०३, नेरुळ ४००७०६, बेलापूर ४००६१४, ऐरोली ४००७०८, कोपरखैरणे ४००७०९. गावठाणात राहत असाल तर सेक्टर लिहून शेजारी ‘गाव’ लिहा, कुरिअरवाल्याला मंदिर नाहीतर तलाव सांगा. दाराच्या पाटीवर ‘पाटील’ एवढंच कोरून ठेवणाऱ्यांना माझा दंडवत. निदान खाली बारीक अक्षरात पहिलं नाव तरी घाला.

पायरी ९: मोबाइल

माझ्या फोनमध्ये पाटील नावाचे दोनशेहून जास्त नंबर आहेत. एकही नुसता ‘पाटील’ नाही. आधी गाव, मग काम, मग नाव: ‘घणसोली वायरमन पाटील’, ‘ठाणे कोर्ट पाटील’, ‘दिवाळे मासळी पाटील’. गाव आधी घातलं की शोधताना एका गावचे सगळे एकाखाली एक येतात.

लोकांनी मला कसं घातलंय तेही एकदा चार जणांचे फोन घेऊन बघितलं. सगळीकडे ‘पाटील झेरॉक्स’. गेल्या दिवाळीत तीन सेक्टर सोडून एका पाटलांनी नवीन झेरॉक्सचं दुकान टाकलं. तेव्हापासून त्यांची गिऱ्हाइकं मला फोन करून विचारतात, “लॅमिनेशन झालं का?” आता मी माझ्या पाटीवर रंगाऱ्याकडून कंसात ‘गाव’ लिहून घेतलंय.